जुन्या जावाशी ओळख

(प्रस्तुत पाठात लेखकाने एक जुनी, दुरुस्त करून पुन्हा चालू केलेली मोटारसायकल कशी पारखून घेतली आणि ती चालवताना काय काय शिकावे लागले, ते सांगितले आहे. वाचताना यंत्राच्या भागांची नावे व सरकारी कागदपत्रांतील शब्द यांकडे विशेष लक्ष द्या.)

रस्त्यावरून एखादी जुनी मोटारसायकल गेली की तुम्ही मान वळवून पाहता ना? मीही पाहत असे. नव्या गाड्यांचे आवाज बहुतेक सारखेच असतात. जुनी जावा मात्र नजरेआड असली तरी कानाला कळते. तिचे इंजिन एकच सिलिंडरचे, पण सायलेन्सर दोन. त्यांतून येणारा आवाज टपटप असा थोडा तुटक असतो आणि मागे निळसर धुराची एक रेघ राहते.

२०२४ साली मी अशी एक जावा विकत घेतली. ती १९६९ सालची आहे, म्हणजे माझे वडील शाळेत जात होते तेव्हाची. शिक्षकाच्या पगारातून तीन वर्षे बाजूला टाकलेले पैसे त्यात गेले. त्यामुळे ती नीट पारखून घेणे भागच होते. ते कसे केले, हे तुम्हांला सांगणार आहे. आणखी एक गोष्ट. या खरेदीत जे मराठी शब्द माझ्या कानावर पडले, त्यांतले कितीतरी तुमच्या ओळखीचे निघतील. पण सावध राहा, ओळखीचा शब्द नेहमी ओळखीचा अर्थ देतोच असे नाही.

आधी जावा म्हणजे काय ते पाहू. या नावाचा इंडोनेशियातल्या जावा बेटाशी काही संबंध नाही. १९२९ साली प्राग शहरात जानेचेक नावाच्या कारखानदाराने मोटारसायकली बनवायला सुरुवात केली. त्यासाठी त्याने वांडरर या जर्मन कंपनीच्या गाडीचा नमुना घेतला. जानेचेकमधला ‘जा’ आणि वांडररमधला ‘वा’ मिळून ‘जावा’ झाले. आपल्या देशात रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी म्हैसूर येथे ‘आयडियल जावा’ हा कारखाना उभा केला आणि १९६१ पासून तेथे गाड्या तयार होऊ लागल्या. १९७३ पासून त्या ‘येझदी’ या नावाने येऊ लागल्या. हे नाव वाचून तुम्हांला इराणातले यझ्द शहर आठवले, तर त्यात नवल नाही. १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. पुढे २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे दुसऱ्या कंपनीने पुन्हा बाजारात आणली. पण त्या गाड्यांची इंजिने अगदी वेगळी आहेत. मी बोलतो आहे ती जुनी, म्हैसूरची.

अशा गाडीला लोक सरसकट ‘व्हिंटेज’ म्हणतात. विकणारा तर वीस वर्षांच्या गाडीलाही व्हिंटेज म्हणतो आणि किंमत वाढवतो. सरकारने २०२१ साली याबाबत नियम केले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी गाडी व्हिंटेज ठरते. तिला वेगळा नंबर घेता येतो. त्यात ‘व्ही ए’ ही अक्षरे असतात. मात्र असा नंबर घेतला की गाडी प्रदर्शन, शर्यतवजा फेरी, संशोधन, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्याच कामांसाठी रस्त्यावर आणता येते. रोज शाळेत न्यायची गाडी तशी नोंदवून उपयोग नाही. म्हणून मला साधी नोंदणी चालू असलेली गाडी हवी होती.

आमच्या मालेगावात जुन्या गाड्या दुरुस्त करणारे एक उस्ताद आहेत. वय साठीच्या पुढे. यंत्रमागांच्या खडखडाटात बसूनही त्यांना इंजिनातला बारीक आवाज ऐकू येतो. मी त्यांना बरोबर घेतले आणि आम्ही नाशिकला एका व्यापाऱ्याकडे गेलो. तेथे एक काळी जावा उभी होती. टाकीवर तोंड दिसेल अशी चकाकी! मडगार्डवर सोनेरी रेघा! मी तर पाहतच राहिलो.

उस्तादांनी मात्र गाडीला सलाम करावा तसा हात पुढे केला आणि सरळ इंजिनावर ठेवला. मग माझ्याकडे पाहिले. इंजिन कोमट होते. आम्ही येणार हे व्यापाऱ्याला आधी कळवले होते. थंड इंजिन एका-दोन किकमध्ये सुरू होते का, ही जुन्या गाडीची पहिली परीक्षा असते. इंजिन आधीच तापवून ठेवले, की ही परीक्षा चुकवता येते.

मग त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला लोहचुंबक काढला. हे साधन तुम्ही प्रयोगशाळेत वापरता. टाकी, मडगार्ड आणि बाजूच्या पेट्या या सगळ्या पोलादी पत्र्याच्या. चुंबक त्यांना चिकटायलाच हवा. एका मडगार्डच्या खालच्या भागात तो चिकटेना. तेथे गंजलेल्या पत्र्यावर पुटीचा जाड थर देऊन वर रंग मारला होता. पुटी म्हणजे पत्र्यातले खड्डे भरायची लुकण. थोडी पुटी सगळीकडे असते, ती दोष नव्हे. पण जेथे पत्राच उरला नाही तेथे ती भरली, तर पहिल्या पावसाळ्यात रंगासकट गळून पडते.

हे सारे तरी दुरुस्त होण्यासारखे होते. खरी गोष्ट पुढेच होती. प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर एक नंबर ठोकलेला असतो, त्याला चेसिस नंबर म्हणतात. इंजिनाच्या कवचावर दुसरा नंबर असतो. नोंदणी पुस्तकात दोन्ही लिहिलेले असतात. उस्तादांनी हँडलच्या खालचा रंग चिंधीने पुसून पाहिला. नंबरातले दोन आकडे बाकीच्यांपेक्षा मोठे होते आणि आजूबाजूला कानशीचे ओरखडे होते. इंजिनावरचा नंबर तर पुस्तकातल्या नंबराशी जुळतच नव्हता.

मी विचारले, तेव्हा व्यापारी म्हणाला, “अहो सर, जुन्या गाडीचा नंबर कोण बघतो? रंग बघा, चकाकी बघा!”

नंबर पोलीस बघतात, परिवहन कार्यालय बघते आणि अपघात झाला तर विमा कंपनीही बघते. खाडाखोड केलेल्या नंबराची गाडी चोरीची असू शकते. दोन-तीन गाड्यांचे भाग जोडून तयार केलेली असू शकते. अशी गाडी जप्त झाली, तर पैसे गेले आणि विकत घेणाऱ्यालाच जाबजबाब द्यावे लागले, असे होते. तुम्ही पुढे सायकल, फोन, गाडी काहीही जुने घ्याल, तेव्हा नंबर आणि पावती आधी पाहा. आम्ही व्यापाऱ्याचा चहा घेतला आणि परत आलो.

येथे ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ हे दोन शब्द समजून घ्या. तुमच्या ‘असल’ला मराठीत ‘अस्सल’ असा जोर मिळतो. ‘नक्कल’ म्हणजे हुबेहूब केलेली दुसरी प्रत. परीक्षेतल्या नकलेशी याचा संबंध लावू नका. त्या प्रकाराला मराठीत ‘कॉपी’ म्हणतात! जुन्या गाडीचे अस्सल भाग आता थोडे मिळतात. नकली भाग बरेच मिळतात आणि त्यांतले काही चांगलेही असतात. आरसा, रबर, हँडलची मूठ नकली असली तर बिघडत नाही. सांगाडा आणि इंजिन मात्र अस्सलच हवे.

दुसरी गाडी दोन महिन्यांनी पाहिली, नाशिक रोडला एका घरी. घरातले वडील २०१९ साली वारले होते. त्यांची १९६९ ची लाल जावा अंगणात गंजत पडली होती. मुलाने दोन वर्षे खपून ती उभी केली. टाकीच्या दोन्ही बाजूंचा क्रोम थोडा फिका होता. मडगार्डवरच्या रेघा कोणा पेंटरने बारीक कुंचल्याने हाताने ओढल्या होत्या आणि एके ठिकाणी त्याचा हात किंचित थरथरलेला दिसत होता. मला ती थरथर आवडली.

मुलाने एक पत्र्याची पेटी पुढे ठेवली. तिच्यात जुना पिस्टन, झिजलेल्या रिंगा, तडकलेले रबर असे काढलेले सगळे भाग होते. प्रत्येक कामाची पावती होती. खोललेल्या सांगाड्याचे फोटो होते. उस्ताद त्या पेटीपाशीच अर्धा तास बसले. जो माणूस काढलेले भाग दाखवतो, त्याने बसवलेले भाग खरे असतात, असे ते मला उर्दूत म्हणाले. मी तुम्हांला मराठीत सांगतो आहे. माझे मत थोडे निराळे आहे. पेटी दाखवूनही माणूस फसवू शकतो. पण येथे पावत्यांवरच्या तारखा आणि फोटो जुळत होते, चुंबक सगळीकडे चिकटत होता आणि दोन्ही नंबर पुस्तकाशी जुळत होते. नोंदणी क्रमांकसुद्धा जुन्या पद्धतीचा, तीन अक्षरे आणि चार आकडे असा होता. ‘एमएच’ आणि पुढे कार्यालयाचा आकडा ही आजची पद्धत १९८९ नंतरची आहे.

इंजिन थंडगार होते. तिसऱ्या किकला सुरू झाले. प्रथम बराच धूर आला, मग तो विरळ निळा झाला. टू-स्ट्रोक गाडीला एवढा धूर असायचाच. दाट पांढरा धूर येत राहिला असता, तर आतले ऑइल सील फुटून गिअरबॉक्सचे तेल इंजिनात ओढले जाते आहे, असे समजले असते. उस्तादांनी मग इंजिन बंद करून प्लग काढला. त्याचे टोक बिस्किटाच्या रंगाचे होते. टोक काळे व ओले असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त जाते आहे, पांढरट असेल तर इंजिन फार तापते आहे. डॉक्टर जीभ पाहतात ना, तसेच हे.

आता अडचण कागदांची. पुस्तक वारलेल्या गृहस्थांच्या नावावर होते. मेलेल्या माणसाच्या नावावरची गाडी थेट तिसऱ्याच्या नावावर होत नाही. आधी ती वारसाच्या नावावर व्हावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१ भरतात, मृत्यूचा दाखला जोडतात आणि बाकीच्या वारसांची संमती देतात. मग वारसाने विकायची. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० असतात. ‘वारस’ हा शब्द तुमचाच ‘वारिस’ आहे, हे लक्षात आले असेल.

दोन बहिणींनी संमती दिली. आईंनी दिली नाही. त्या आतल्या खोलीतून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, “तुम्ही मास्तर आहात ना? मग खरे सांगा. ही कुठे ठेवणार?”

मी म्हणालो, “काकू, रोज शाळेत नेणार.”

“याआधी दोघे येऊन गेले,” त्या म्हणाल्या. “एकाला हॉटेलाच्या दारात दिवे लावून उभी करायची होती. मी सही केली नाही. ह्यांनी या गाडीवर दोन मुलींना शाळेत सोडले, मला दवाखान्यात नेले. ती चालायची गाडी आहे. चालवणार असाल तर सही करते.”

त्या दिवशी त्यांनी सही केली नाही. महिनाभराने मी त्यांना आमच्या शाळेचा पत्ता आणि रस्ता सांगितला, रोजचे अंतर किती तेही सांगितले. मग त्यांनी केली. व्यापाऱ्याकडे चकाकीची किंमत विचारली जात होती, येथे मलाच प्रश्न विचारले जात होते! मला हा सौदा बरा वाटला.

नाशिक आणि मालेगाव यांची परिवहन कार्यालये वेगळी आहेत. त्यामुळे नाशिकच्या कार्यालयाचा ‘ना-हरकत दाखला’ लागला. उर्दूत ‘हरकत’ म्हणजे हालचाल. मराठीत ‘हरकत’ म्हणजे आक्षेप, विरोध. ‘माझी हरकत नाही’ याचा अर्थ ‘मी हलत नाही’ असा करू नका! असाच दुसरा शब्द ‘खुलासा’. नोंदणीची मुदत मध्यंतरी संपून गेली होती, म्हणून कार्यालयाने लेखी खुलासा मागितला. तुम्ही उर्दूच्या तासाला खुलासा लिहिता तो धड्याचा सारांश असतो. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण, असे का झाले ते उलगडून सांगणे. सारांश लिहून दिला असता, तर अर्ज परत आला असता. मुलाने वडिलांचा मृत्यू, गाडी बंद असण्याचा काळ, दुरुस्तीच्या पावत्या असा सगळा तपशील लिहून दिला आणि काम झाले. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते, हेही ध्यानात ठेवा. विमा आणि धुराच्या तपासणीचे पीयूसी प्रमाणपत्र तर नेहमीच चालू हवे. हे सगळे पुरे होईपर्यंत गाडी मी चालवली नाही. मालेगावला ती टेम्पोत बसून आली.

आता ओळख करून घेण्याची पाळी. नवी गाडी बटण दाबले की सुरू होते. जावाला असे चालत नाही. आधी टाकीखालची पेट्रोलची तोटी उघडायची. मग कार्बोरेटरवरची छोटी कळ बोटाने दाबायची. पेट्रोल किंचित पाझरले की सोडायची. त्यानंतर किक. पण किक कुठे आहे? शोधून सापडणार नाही, कारण गिअरची दांडी हीच किकची दांडी आहे. डाव्या बाजूची ती दांडी आत दाबून मागे फिरवली, की ती किक होते. इंजिन सुरू झाले, की ती पुन्हा पुढे आणून गिअर टाकायचा. पहिला गिअर खाली, बाकीचे तीन वर. गंमत म्हणजे दांडी दाबताना आतल्या आत क्लचही सुटतो. म्हणून हाताने क्लच न दाबताही गिअर बदलता येतो. साठ वर्षांपूर्वीच्या गाडीत ही सोय होती, हे सांगितले तर आज लोकांना खरे वाटत नाही. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. जावाचा गिअर डावीकडेच आहे, त्यामुळे माझे पाय गोंधळले नाहीत.

पेट्रोलचे गणित मात्र रोज करावे लागते. फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल खाली वेगळे साठवलेले असते. या टू-स्ट्रोक इंजिनात तसा साठा नाही. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पिस्टनच्या खालून फिरून वर जाते. म्हणून ऑइल पेट्रोलातच मिसळायचे. तेच सिलिंडरला आणि बेअरिंगला वंगण देते. जुन्या जावाचे प्रमाण पंचविसास एक, म्हणजे एका लिटरला ४० मिलिलिटर. पाच लिटरला किती? २०० मिलिलिटर. पूर्वी पेट्रोलपंपावर ‘टू-टी’ ऑइल मिसळून देत असत. आता बहुतेक ठिकाणी देत नाहीत. म्हणून मी खोकल्याच्या औषधाचे माप असते, तसे एक माप डिकीत ठेवले आहे. पंपावर मी ऑइल मोजू लागलो की मागचा माणूस हॉर्न वाजवतो. वाजवू दे. ऑइल विसरले, तर पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो. चाक एकदम थांबते. चालत्या गाडीवर असे होणे जिवावर बेतू शकते.

याच कारणासाठी घाट उतरताना एक काळजी घ्यावी लागते. नाशिकहून मालेगावला येताना चांदवडनंतर राहूडचा घाट लागतो. उतारावर आपण मूठ बंद करतो आणि गाडी आपोआप धावते. मूठ बंद म्हणजे पेट्रोल जवळजवळ बंद. पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. इंजिन मात्र वेगाने फिरतच असते! म्हणून उतारावर अधूनमधून मूठ थोडी उघडायची, म्हणजे आत दोन थेंब वंगण पोहोचते. हे कोणत्याही पाटीवर लिहिलेले नाही, मला ते उस्तादांनी शिकवले.

दुरुस्त केलेल्या गाडीत पिस्टन नवा असतो आणि सिलिंडर नव्याने घासलेला असतो. दोघांना एकमेकांची सवय व्हावी लागते. पहिले हजार किलोमीटर मी पन्नासच्या वर वेग नेला नाही. सायकलवाले पुढे जात नव्हते, पण स्कूटरवाले सगळे जात होते. दर दोन-तीनशे किलोमीटरनंतर उस्तादांकडे जाऊन नट-बोल्ट आवळून घेतले, चेन पाहिली. ते प्रत्येक वेळी विचारत, “काही तक्रार?” उर्दूत ‘तकरार’ म्हणजे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणे किंवा वादावादी. मराठीत तक्रार म्हणजे शिकायत. माझ्या बाबतीत दोन्ही अर्थ खरे झाले. ‘दिवा मंद आहे’ हीच तक्रार मी पाच वेळा केली. पाचही वेळा त्यांनी सांगितले, की गाडीची वीज सहा व्होल्टची आहे, आजच्या गाड्यांची बारा व्होल्टची असते; दिवा एवढाच लागणार, रात्री लांब जाऊ नका. मी रात्री लांब जात नाही.

पेट्रोलचीही एक नवी गोष्ट आहे. आजच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतले पाणी शोषते आणि जुन्या पद्धतीच्या रबराला व बुचाला सोसत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी उभी ठेवायची असेल तर टाकीत पेट्रोल ठेवायचे नाही. तोटीचे रबर बदलून घ्यायचे. आणि गाडी लावली, की तोटी बंद करायची. उघडी राहिली तर रात्रभर पेट्रोल हळूहळू इंजिनात उतरते आणि सकाळी किक मारून पाय दुखतात.

तुमच्यापैकी काही जण मला रोज विचारतात, “सर, एक चक्कर?” गिअरची मोटारसायकल चालवण्याचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मिळतो. तोपर्यंत मधल्या सुट्टीत येऊन प्लग काढायला, चेनला ग्रीस लावायला, सायलेन्सरच्या आतली नळी काढून काजळी खरवडायला शिका. टू-स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरमध्ये ऑइलची काजळी साचते. ती साफ केली नाही तर गाडीचा दम कोंडतो. हात काळे होतील, तेव्हा जुने कपडे आणा.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. १९६९ च्या या गाडीला वळणाचे दिवे नाहीत. वळताना हाताने खूण करावी लागते. उजवीकडे जायचे तर उजवा हात सरळ बाहेर. डावीकडे जायचे तर तोच उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरवायचा. पण उजव्या हातातच मूठ असते! ती सोडली की गाडीचा वेग उतरतो. शिवाय मागच्या रिक्षावाल्याला वाटते, की सर त्याला पुढे जा म्हणत आहेत. उस्ताद म्हणतात, छोटे दिवे बसवू. नाशिकचा तो मुलगा म्हणतो, अस्सल रूप बिघडेल. दिव्यांची जोडी मी आणून ठेवली आहे. सांगाड्याला भोक न पाडता पट्टीने ती कशी बसवता येईल, ते आम्ही येत्या रविवारी पाहणार आहोत.

शब्दार्थ

पारखणे – परखना, जाँचना. सरसकट – सबको एक जैसा. लोहचुंबक – मिक़नातीस. कानस – रेती. जाबजबाब – पूछगछ, बयान. दाखला – सर्टिफ़िकेट. आक्षेप – एतराज़. स्पष्टीकरण – वज़ाहत. तपशील – तफ़सील. वंगण – चिकनाई, तेल. काजळी – कालिख. मुदत – मुद्दत, मीआद.

स्वाध्याय

१. व्यापाऱ्याकडची काळी जावा लेखकाने का घेतली नाही? तीन कारणे सांगा. त्यांतले कोणते कारण तुम्हांला सर्वांत मोठे वाटते?

२. काकूंनी आधी सही का केली नाही? नंतर का केली? तुमच्या शब्दांत लिहा.

३. ‘हरकत’, ‘खुलासा’, ‘तक्रार’ या शब्दांचे उर्दूतले आणि मराठीतले अर्थ लिहा. मराठी अर्थाने प्रत्येकाचा एक वाक्यात उपयोग करा.

४. टाकीत साडेतीन लिटर पेट्रोल घातले, तर पंचविसास एक या प्रमाणात किती मिलिलिटर ऑइल मिसळावे लागेल?

५. तुमच्या गल्लीतील एखाद्या कारागिराला भेटा. तो कोणत्या हत्यारांनी काम करतो, त्यांना कोणत्या नावांनी ओळखतो आणि बिघाड कसा शोधतो, ते विचारून दहा ओळी लिहा.